बुकिंगच्या डेटाबेसला दारातला टीव्ही जोडायचाय, नीट कसा जोडावा?

राजारामपुरीकर (रविवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ट्रस्टचं मंगल कार्यालय मी बारा वर्षं सांभाळतोय. तीन मजले, चार हॉल. दारात एक आणि प्रत्येक हॉलबाहेर एक असे पाच टीव्ही आहेत. पूर्वी रोज रात्री मी दुसऱ्या दिवशीच्या पाट्या करायचो आणि पेनड्राइव्ह घेऊन पाचही टीव्हींना फेरी मारायचो. महिन्यापूर्वी भाच्यानं ते काम संपवलं. आमचं बुकिंग पीएचपी-मायएसक्यूएलवर, होस्टिंगला (म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर) आहे. त्यानं प्रत्येक टीव्हीमागे एक रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा संगणक) बसवला. तो थेट बुकिंगच्या डेटाबेसमधून आजचे कार्यक्रम वाचतो आणि पाटी दाखवतो. ऑफिसात नोंद झाली की दहा मिनिटांत टीव्हीवर नाव. पोर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, काम मन लावून केलं होतं.

आज पहाटे पाचला एका लग्नाची मंडळी आली. हळद लवकर होती, म्हणून टीव्हीही लवकर लावले होते, एरवी आठला लागतात. नवरीची आई हातात ताट घेऊन दारातून आत आली आणि थांबली. समोरच्या टीव्हीवर कालच्या शोकसभेची पाटी होती, हार घातलेल्या फोटोसकट. ताट तसंच हातात, आणि बाईंचा चेहरा उतरलेला. मी धावत जाऊन प्लग काढला. काय बोलावं सुचेना. त्या म्हणाल्या, "असू दे दादा, मुलीला दिसलं नाही ना?"

सहाला भाचा आला, टीव्ही लावला, तर सगळं बरोबर! आजचं लग्न, आजची नावं. काय बिघडलं होतं ते त्यालाही कळलं नाही. ट्रस्टी म्हणतात, टीव्ही काढा, फळा लावा.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे का झालं असेल? आणि असा टीव्ही बुकिंगला जोडायचा तर योग्य रीत कोणती?

---

मिसळप्रेमी (रविवार, रात्री १०:५५)

वाचून कसंतरीच झालं. त्या माउलीला सलाम, त्या वेळीही तिनं आधी मुलीचा विचार केला.

---

उद्यमनगरी (रविवार, रात्री ११:२०)

दादा, कारण नंतर शोधू, आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण मला तिथं जास्त काळजी वाटते.

टीव्हीमागचा पाय थेट डेटाबेसला जोडलाय म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड त्या पायच्या मेमरी कार्डात आहे. पाच टीव्ही, पाच कार्डं. नखाएवढं कार्ड, कुणीही काढून खिशात घालू शकतो. आणि बाहेरून जोडता यावं म्हणून होस्टिंगवर ३३०६ पोर्ट (मायएसक्यूएलचं दार) उघडा ठेवला असणार. त्याच डेटाबेसात लोकांचे फोन नंबर, ॲडव्हान्सच्या रकमा, पत्ते असतील. पाटीला यातलं काय लागतं? हॉल, नाव, सुरू, संपणार. बास.

मी असं करतो: होस्टिंगवर एक व्ह्यू, म्हणजे डेटाबेसातली एक मर्यादित खिडकी, बनवायचा, त्यात पाटीला लागतात तेवढेच रकाने. एक नवा युजर काढायचा, त्याला फक्त तो व्ह्यू वाचायची मुभा, बाकी कशालाही हात नाही. मग होस्टिंगवरच एक छोटा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम), दर पाच मिनिटांनी तो व्ह्यू वाचून एक जेसन फाइल (साध्या मजकुरातली माहिती) लिहिणार. टीव्ही फक्त ती फाइल उचलणार. डेटाबेस कुठे आहे हे टीव्हीला माहीतच नको. बाहेरचा पोर्ट बंद.

पाच टीव्हींसाठी स्वतःचं पान पुरतं. पण उद्या वाढवणार असाल तर झिबो हे टीव्हीवर पाट्या दाखवायचं सॉफ्टवेअर बघा. खुल्या परवान्याचं आहे, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, त्यात रिमोट डेटासेट (बाहेरून माहिती उचलणारा तक्ता) असतो, त्याला हीच जेसन फाइल दाखवायची. टीव्हीवर पाटी चालवणारा विंडोज आणि लिनक्सचा प्लेअर मोफत, अँड्रॉइडच्या किंवा टीव्हीतच बसणाऱ्या प्लेअरला परवाना विकत घ्यावा लागतो.

---

शाहूपुरी_पाचवी_गल्ली (रविवार, रात्री ११:३५)

कारण सरळ आहे. पाय ४ मध्ये स्वतःचं घड्याळ नसतं. लाईट गेली आणि आली की तो जुनीच वेळ धरून उठतो आणि इंटरनेट मिळेपर्यंत चुकीच्या तारखेत असतो. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, त्याला बॅटरी तेवढी वेगळी लावावी लागते. रात्री लाईट गेली होती का?

---

राजारामपुरीकर (सोमवार, सकाळी ७:१०)

@शाहूपुरी, लाईट गेली नव्हती, आणि पाय यूपीएसवर आहेत. शिवाय पाटीच्या कोपऱ्यात घड्याळ असतं, ते मी प्लग काढताना पाहिलं. पाच वाजून सात मिनिटं, तारीखही आजचीच. म्हणजे पायला आजचा दिवस माहीत होता, तरी कालची पाटी लावून बसला होता.

@उद्यमनगरी, पासवर्डचं वाचून पोटात गोळा आला. भाच्याला दाखवलं, जेसन फाइल झाली की तो पोर्ट बंद करणार आहे. खूप आभार.

---

गोकुळशिरगाव_एक्सप्रेस (सोमवार, सकाळी ९:००)

एवढं सगळं कशाला? बुकिंग गुगल कॅलेंडरला टाका, प्रत्येक हॉलचं एक कॅलेंडर, त्याची आयकॅल लिंक (कॅलेंडर दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता यावं म्हणून असते ती) पाटीच्या सॉफ्टवेअरला द्या. आमच्या कंपनीत मीटिंगच्या खोल्यांबाहेर असंच आहे. डेटाबेसला हात लावायचीच गरज नाही.

---

अक्षता (सोमवार, दुपारी १:१५)

सांगलीत एका हॉटेलच्या बँक्वेटचं काम बघते. @गोकुळशिरगाव, मीटिंगच्या खोलीला चालतं ते मंगल कार्यालयाला चालत नाही. आमच्याकडे दोन वर्षं कॅलेंडरच होतं, त्यात काय काय आडवं आलं ते लिहिते.

एक म्हणजे पूर्ण दिवसाचा कार्यक्रम. आयकॅलच्या नियमात अशा कार्यक्रमाची शेवटची तारीख मोजायची नसते. १२ तारखेच्या कार्यक्रमाला सुरुवात १२ आणि शेवट १३ असा लिहिलेला असतो. पाटी करणाऱ्याला हे माहीत नसेल तर १३ ला पण तेच नाव झळकतं. (दादा, तुमच्याकडे कॅलेंडर नाही म्हणून तुमचं कारण हे नसावं, पण लक्षण हुबेहूब हेच.)

दुसरं, आपलं कार्य एका हॉलचं, एका वेळेचं नसतं. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन, सकाळी हळद, दुपारी १२:३७ चा मुहूर्त, जेवण खालच्या हॉलात. बुकिंग एक, हॉल दोन, वेळा चार. पाटीवर बुकिंगची वेळ टाकली तर "सकाळी ६ ते दुपारी ४" असं येतं, आणि पाहुणा विचारतो, अक्षता किती वाजता? मुहूर्ताचा रकाना वेगळा हवाच.

तिसरं, पाटील. एकाच दिवशी दोन हॉलांत दोन पाटील, हे आपल्याकडे दर लग्नसराईत होतं. वरपक्षाचे निम्मे पाहुणे दुसऱ्याच लग्नात आहेर देऊन आलेले मी पाहिलेत. तेव्हापासून आडनावाखाली गाव लिहिते.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे कच्चं बुकिंग. "तारीख धरून ठेवा, घरी विचारून सांगतो" ही नोंदही डेटाबेसात असते. ती दारात झळकली तर? म्हणून @उद्यमनगरी यांच्याशी माझं जमत नाही. आपोआप काहीच जाऊ नये. माणसानं बघावं, "पक्कं" असं बटण दाबावं, मगच पाटी.

---

उद्यमनगरी (सोमवार, दुपारी २:०५)

ताई, पाटलांचं अगदी खरं! माझ्या मामेभावाच्या लग्नात मी स्वतः चुकीच्या हॉलात जिलबी खाल्लीय.

पण रोज माणसानं बटण दाबायचं तर पेनड्राइव्ह काय वाईट होता? ज्या दिवशी तो माणूस रजेवर, त्या दिवशी कालची पाटी. त्यापेक्षा स्थितीचा रकाना बुकिंगच्याच नोंदीत ठेवा: कच्चं, पक्कं, रद्द. पावती फाडतानाच स्थिती "पक्कं" होते, ते काम ऑफिस असंही करतंच. व्ह्यू फक्त पक्कं तेवढं उचलेल. माणसाची नजर राहिली आणि वेगळं कामही वाढलं नाही.

---

अक्षता (सोमवार, दुपारी २:४०)

पावतीशी बांधलंत तर मान्य. फक्त रद्द झालेलं ताबडतोब उतरलं पाहिजे. मोडलेल्या लग्नाची पाटी दारात दिसणं हे त्या घरानं कायम लक्षात ठेवण्यासारखं दुःख असतं.

---

पाटीवाला (सोमवार, रात्री ८:३०)

संगणकातलं मला समजत नाही, पण पाट्या रंगवण्यात चाळीस वर्षं गेली. बाबूराव पेंटरांचं हे गाव, इथं अक्षराला मान होता. शाहू महाराजांच्या काळात १९१५ ला उभं राहिलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. त्याच्या आवारातल्या नाटकांच्या फलकांपुढं उभं राहून मी अक्षर शिकलो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळताना पाहिलं आणि घरी येऊन जेवण गेलं नाही.

सांगायचं हे की, आमच्यात एक रीत होती. कार्यक्रम संपला की पाटी आधी उतरवायची, मग मांडव. उद्याची पाटी तयार नसली तरी कालची ठेवायची नाही. मोकळी चौकट कुणाला लागत नाही.

---

उद्यमनगरी (सोमवार, रात्री ८:४५)

काका, तुम्ही आख्ख्या धाग्याचं डिझाइन दोन ओळींत सांगितलंत.

दादा, भाच्याला विचारा, व्ह्यूत किंवा त्याच्या क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) अट काय आहे? "तारीख आजची" एवढीच असेल तर तिला "आणि संपायची वेळ अजून व्हायचीय" हेही जोडा. शोकसभा सातला संपली, सातला पाटी उतरली. तारीख बदलायची वाट का बघायची?

---

लिपीवेडा (सोमवार, रात्री ९:३०)

थोडं अवांतर. जुनी बुकिंगं कुठल्या फॉन्टात टाइप केलीत ते तपासा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टातला मजकूर डेटाबेसात असेल तर टीव्हीवर नुसती कचऱ्यासारखी अक्षरं येतील. आणि नुसती प्रश्नचिन्हं आली तर टेबलाचं किंवा जोडणीचं कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) लॅटिन आहे, ते यूटीएफ-८ करा.

पायवर देवनागरी फॉन्ट वेगळा बसवा, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता. पानाची भाषा "एमआर" (mr, म्हणजे मराठी) अशी जाहीर करा, तरच मराठी वळणाचा ल आणि श मिळेल, नाहीतर हिंदी वळणाचा येतो. "शुभविवाह" या शब्दाची सुरुवातच श ची आहे हो!

---

पाटीवाला (सोमवार, रात्री ९:४२)

हे पोरगं कुठलं आहे? याला भेटायचंय मला.

---

जयसिंगपूर_ते_पुणे (मंगळवार, सकाळी १०:२०)

धागा आत्ता वाचला. सगळे सल्ले चांगले आहेत, पण मूळ प्रश्न मागेच राहिला: पहाटे पाचला कालची पाटी का?

दादा, एक करा. तुमच्या रखवालदारांना उद्या पहाटे टीव्ही लावून ठेवायला सांगा आणि पाटी नक्की किती वाजता बदलते ते बघायला सांगा. "सकाळी" नको, घड्याळ बघून मिनिट हवं. कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर होतं असं तुम्ही लिहिलंत, त्यावरून मला एक शंका आहे. उत्तर आलं की सांगतो.

---

राजारामपुरीकर (बुधवार, सकाळी ६:१५)

रखवालदार मामांना कशाला, मीच चारला जाऊन बसलो. मंगळवारी दुसऱ्या मजल्यावर बारसं होतं, आज पहिल्या मजल्यावर साखरपुडा आहे.

चारला बारसं. साडेचारला बारसं. पाच, सव्वापाच, बारसंच. पाच तीसला पान ताजं झालं आणि साखरपुडा आला! बाहेर अजून अंधार होता, मी आणि मामा दोघंच टीव्हीकडे बघत उभे.

---

जयसिंगपूर_ते_पुणे (बुधवार, सकाळी ८:५०)

साडेपाच! हेच हवं होतं.

तुमचं होस्टिंग जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतंय. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. कोल्हापुरात बुधवार पहाटेचे पाच वाजतात तेव्हा त्या सर्व्हरवर मंगळवार रात्रीचे साडेअकरा असतात. भाच्याच्या क्वेरीत "आजची तारीख" डेटाबेसकडूनच घेतली असणार, आणि डेटाबेसचा "आज" रोज आपल्या साडेपाचला उजाडतो. कोपऱ्यातलं घड्याळ मात्र पाय स्वतः दाखवतो, म्हणून ते बरोबर. तुम्ही टीव्ही आठला लावता, म्हणून महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही.

खात्री करायला डेटाबेसलाच विचारा, आत्ता किती वाजले. साडेपाच तास मागचं उत्तर येईल.

उपाय एका ओळीचा: डेटाबेसशी जोडणी उघडल्यावर लगेच त्या सत्राचा (त्या जोडणीपुरता) टाइम झोन अधिक ५:३० करा. झोनचं नाव लिहिलं आणि होस्टिंगवर नावांचे तक्ते भरलेले नसले तर चूक येते. आकडा लिहिला की तो प्रश्न येत नाही. मात्र @उद्यमनगरी यांची अट घ्यायचीच. तीही "आत्ता" डेटाबेसलाच विचारणार, म्हणून दोन्ही एकत्र करा. नुसती अट बदलून झोन तसाच ठेवलात तर सातला संपलेली शोकसभा रात्री साडेबारापर्यंत पाटीवर राहील.

---

गोकुळशिरगाव_एक्सप्रेस (बुधवार, सकाळी ९:३०)

जबरदस्त! पण मग वेळा यूटीसीतच साठवायच्या आणि दाखवताना बदलायच्या, हा नियम पाळावा ना? आम्हाला तरी तसंच शिकवलंय.

---

जयसिंगपूर_ते_पुणे (बुधवार, सकाळी ९:५५)

चार देशांत ऑफिसं असतील तर जरूर. इथं हॉल राजारामपुरीत, मुहूर्त पंचांगातला, आणि देशभर एकच वेळ, ती उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलतही नाही. १२:३७ ला १२:३७ च लिहावं. मायएसक्यूएलमध्ये डेटटाइम प्रकारचा रकाना लिहिलं तसंच ठेवतो, टाइमस्टॅम्प प्रकारचा मात्र सत्राच्या झोनप्रमाणे बदलून दाखवतो. भाच्यानं कुठला वापरलाय ते आधी बघा, टाइमस्टॅम्प असेल तर झोन बदलल्यावर जुन्या नोंदी साडेपाच तासांनी सरकलेल्या दिसतील.

---

राजारामपुरीकर (बुधवार, दुपारी ४:३०)

डेटाबेसला वेळ विचारली. इथं तीन वाजून दहा मिनिटं, तो म्हणाला सकाळचे नऊ चाळीस. भाचा खुर्चीतून उठून उभाच राहिला! रकाने डेटटाइमचेच आहेत, म्हणजे जुन्या नोंदी शाबूत. झोन, अट, व्ह्यू, जेसन, सगळं त्यानं दुपारीच केलं. स्थितीचा रकाना अक्षताताईंच्या सांगण्याप्रमाणे पावतीला बांधला.

एक नवं दिसलं. रात्रीची वेळ घालून चाचणी घेतली तर नाव बदललं पण फोटो आधीचाच राहिला.

---

उद्यमनगरी (बुधवार, दुपारी ४:५०)

प्रत्येक हॉलच्या फोटोला रोज एकच नाव देताय का? मग पायचा ब्राउझर जुनाच फोटो साठ्यातून काढतोय. फाइलचं नाव बुकिंग क्रमांकावरून द्या. लग्नाच्या नावाखाली हाराचा फोटो, हे तर आणखी वाईट झालं असतं.

---

शाहूपुरी_पाचवी_गल्ली (बुधवार, संध्याकाळी ६:००)

माझा अंदाज चुकला, पण घड्याळाचा विषय निघाला हे बरं झालं. आता इंटरनेट गेलं तर काय, ते ठरवा. फाइल येणं थांबलं की टीव्ही शेवटची पाटी धरून बसेल, म्हणजे पुन्हा तेच. फाइलीत ती कधी लिहिली ती वेळ टाका. पानानं बघायचं, फाइल अर्ध्या तासापेक्षा जुनी असेल तर नावं काढून फक्त "कृपया कार्यालयात चौकशी करा" दाखवायचं.

---

रंकाळ्याकाठी (बुधवार, रात्री ९:१०)

आणि हातानं पाटी लावायची एक वाट ठेवाच. २०१९ च्या पुरात आमच्या पेठेतल्या हॉलात घरदार सोडून आलेली कुटुंबं होती. कुठलं कुटुंब कुठल्या खोलीत, औषध कुठं, दूध किती वाजता, सगळं फळ्यावर खडूनं लिहिलं जायचं. लोक रात्री दहाला येऊन आपल्या माणसांची नावं बोटानं शोधायचे. ते कुठल्याच बुकिंगात नव्हतं. तसा प्रसंग आला तर टीव्हीवर चार ओळी ताबडतोब लिहिता आल्या पाहिजेत.

---

राजारामपुरीकर (शुक्रवार, सकाळी ६:४०)

आज पहाटेही चारला गेलो. काल संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर शोकसभा होती. सातला संपली, सात पाचला पाटी उतरली, मी समोर उभा होतो. रात्रभर मोकळी चौकट. पहाटे टीव्ही लावला तेव्हा आजच्या मुंजीचं नाव, मुहूर्त आणि गाव. इंटरनेटची वायर काढून पाहिली, तिसाव्या मिनिटाला नावं गेली आणि चौकशीची ओळ आली. हातानं लिहायचं पान भाचा रविवारपर्यंत देतोय.

ट्रस्टींना हा धागा वाचून दाखवला. टीव्ही राहिले. काल त्या नवरीच्या घरी जाऊन आलो. का झालं ते त्यांना सांगितलं, माफी मागितली. बाईंनी चहा केला आणि मुलीचे फोटो दाखवले.

एक मात्र ट्रस्टी म्हणतात ते मलाही पटलं. टीव्हीच बंद पडला तर दारात एक लाकडी फळा हवा, चार हॉलांच्या चार चौकटी आखलेला. पाटीवाले काका, तुम्ही आखून द्याल का? रंग मी आणून ठेवतो. पिवळा आणू की पांढरा?

---

पाटीवाला (शुक्रवार, सकाळी ७:०५)

काळ्यावर पांढरा. लांबून वाचता येतो. शनिवारी दहाला येतो, आणि त्या श वाल्या पोरालाही बोलवा.